जिताड्यांचा श्रावण

ठाणे

माशांसाठी कोंडा, पेंड आणि सुका जवळा निवडायला कुणी कचेरीतून रजा काढतो का, असं आमच्या शिरस्तेदारांनी मला चारचौघांत विचारलं, तिथूनच माझं डोकं तापायला सुरुवात झाली. लोक काशीरामेश्वर करून येतात आणि परतल्यावर मांडी ठोकून प्रवासाच्या गोष्टी सांगतात. मी ठाण्याहून कल्याण, तिथून खडवली आणि शेवटी डोंबिवलीच्या पुढे खाडीकाठी, एवढाच फिरलो. पण या एवढ्याशा वाटेवर जितका संताप मला आला तितका काशीच्या पंड्यांनीही कुणाला आणला नसेल, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझी धाकटी बहीण अंबू त्या खाडीकाठच्या गावात दिलेली आहे. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी तापाने गेला. घरात तिची सासू, जिला सगळे माई म्हणतात, आणि धाकटा दीर विनायकराव. विनायकरावांची बायको यंदा बाळंतपणाला माहेरी गेलेली. घराच्या मागे एक तळं आहे. ते अंबूच्या नवऱ्याने स्वतः उभं राहून खणून घेतलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला खाडीतून बोय आणि जिताडा या माशांची पिल्लं आणून तळ्यात सोडायची, वर्षभर पोसायची आणि उन्हाळ्यात काढायची, ही त्या बाजूची जुनी रीत. नवरा गेल्यावर हे काम अंबूने अंगावर घेतलं. विधवेने मासा खायचा नाही, पण पोसायला हरकत नाही, असा त्या घरचा न्याय. माझा तेव्हाही संताप झाला होता, पण अंबू म्हणाली, “दादा, राहू दे. तळ्यावर बसले की मला कुणी हाक मारत नाही.”

गेल्या सालचं तळं रिकामं निघालं. दसऱ्याच्या सुमाराला पाहिलं तर बोय जवळजवळ नाहीत आणि जिताडे दोनचारच, तेही हडकुळे. वैशाखात मी भेटीला गेलो तेव्हा माई माझ्यासमोर म्हणाल्या, “तिच्या हाताला यशच नाही.” आणि विनायकराव पानाला चुना लावत म्हणाले, “यंदाही असंच झालं तर माती टाकून तळं बुजवू. खळ्याला जागा होईल.” अंबू ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला तो माझ्या नजरेतून सुटला नाही.

निघताना मी गोठ्याशेजारची माशांच्या खाण्याची गोण उघडून पाहिली. बुरशी आलेली काळी पेंड आणि निम्मा तूस असलेला कोंडा! हे खाऊन मासे जगणार कसे? ठरवलं की यंदाचं सगळं खाणं मी माझ्या हाताने निवडून देणार.

ज्यांनी मासे फक्त ताटातच पाहिले आहेत त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की बोय गरीब प्राणी. कोंडा, पेंड, तळाचं शेवाळ, काहीही खाऊन तो वाढतो. जिताड्याचं तसं नाही. तो मांस खाणारा. त्याला जवळा, कोलीम, बारीक मासळी काहीतरी लागतंच. दोघे एका तळ्यात सुखाने नांदतात ते जिताड्याचं पोट भरलेलं असेपर्यंत.

म्हणून पहिली खरेदी जवळ्याची, आणि ती घरच्या घरी, चेंदणीच्या कोळीवाड्यात. जाताना वाटेत आमचं ठाण्याचं तळं लागलं. काठावर नेहमीची पुण्यवान मंडळी माशांना चुरमुरे आणि साखरफुटाणे टाकत उभी होती. पाण्यावर चुरमुऱ्यांची साय आली होती आणि ती आंबून वास सुटला होता. एका गृहस्थांना मी म्हटलं, “अहो, हे त्यांना पचत नाही.” ते म्हणाले, “श्रद्धेने दिलेलं पचतं.” पुण्य यांना आणि पोटफुगी माशांना.

कोळीवाड्यात हिराबाय नावाच्या बाईच्या पडवीत मी जवळ्याच्या टोपल्या उकरायला लागलो. आषाढात ताजा जवळा कुठला, चैत्र-वैशाखात वाळवून ठेवलेलाच घ्यायचा. तो गुलाबीसर दिसला पाहिजे, मुठीत दाबला तर चुरला पाहिजे, आणि दाताखाली रेती लागता कामा नये. पहिल्या टोपलीतला दमट होता, दुसऱ्यातला काळवंडलेला. मी प्रत्येक वेळी मूठ नाकाशी नेत होतो. शेवटी हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ओ दादा, जवला घेवाचा हाय का नुसता हुंगाचा हाय?”

“चांगला असेल तर घेईन. माशांना घालायचा आहे.”

“माशांना?” ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या दोघी बाहेर आल्या. “ऐकलंव का गो? मानसांना देताना कुनी एवढा हुंगत नाय, नि यो माशांना घालाला हुंगतंय!”

मीही मग आवाज चढवला. माणसाला वाईट जवळा दिला तर तो येऊन भांडेल, मासा कुठे येऊन भांडणार आहे, असं म्हटलं. त्यावर ती थोडी वरमली की मला कंटाळली कोण जाणे, पण आतून एक झाकलेली टोपली घेऊन आली. हा जवळा जाळ्यावर सुकवलेला होता, रेतीचा कण नाही. हा आधीच का नाही काढलास, असं विचारल्यावर म्हणते, “तो घरचा व्हता.” म्हणजे चांगला तो घरी आणि रेती गिऱ्हाइकाला! तरी तोच जवळा गोणभर घेऊन मी निघालो, तेव्हा तिने वर मूठभर भाजलेला जवळा केळीच्या पानात बांधून दिला, वाटेत भाकरीबरोबर खायला. त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना.

कल्याण

कल्याणच्या बाजारात तेलाच्या घाण्यांजवळून गेलं की भूक लागते. तिळाचा, खोबऱ्याचा वास, आणि घाण्याभोवती डोळे बांधलेले बैल. आमच्या ठाण्यात पेंड मागितली तर समोर येईल ती घ्यावी लागते. इथे ओळीने दुकानं आहेत आणि प्रत्येक जण आपलीच पेंड आज निघालेली आहे असं शपथेवर सांगतो.

मला तिळाची हवी होती. एका दुकानात शेठजी गादीवरून न उठता म्हणाले, “तिळाचीच आहे साहेब, डोळे मिटून घ्या.” डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्याच्या दुकानात मी डोळे जास्तच उघडतो. पेंडीचा रंग तिळाच्या मानाने अंमळ गडद वाटला. तुकडा जिभेवर ठेवला तर मागाहून कडवट. मुरबाडकडून कल्याणात मोहाची पेंड येते, ती स्वस्त असते हे मला ठाऊक होतं. आणि डोंगरातले लोक हीच मोहाची पेंड ओढ्याच्या डोहात टाकून मासे गुंगवून पकडतात हेही ठाऊक होतं. ज्याने मासे उलटे होऊन वर येतात तेच मी तळ्यात पोत्याने ओतणार होतो!

मी शेठजींकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्यांना वाटलं प्यायला हवं. मी पेंडीचा तुकडा चुरून त्यात टाकला आणि रवीने घुसळावं तसं बोटांनी ढवळलं. तिळाच्या पेंडीला फेस येतो तो लगेच विरतो. याला रिठ्यासारखा फेस आला आणि तो तांब्याच्या काठावर बसून राहिला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“थोडी मिसळ असते साहेब. म्हशी खातात, कुणाची तक्रार नाही.”

“मी म्हशीसाठी नेत नाही. माझ्या बहिणीच्या तळ्यातले मासे मरतील याने!”

“मग म्हशीसाठी न्या,” शेठजी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तांब्या मी त्यांच्या गादीसमोर तसाच ठेवला आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात फेसाची हकिकत सांगितली. दहाबारा माणसं जमली. सगळ्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं, माना डोलावल्या, आणि त्यातल्या एकाने माझ्यादेखत तीच पेंड घेतली, कारण त्याला म्हशीसाठीच हवी होती. लोकांना सत्य सांगण्याचा मोबदला हा असा मिळतो.

शेवटी बाजाराच्या टोकाला एका घाण्यावर उभं राहून, समोर तीळ पडताना पाहून, गरम पेंड घेतली. ती अजून वाफाळत होती. ती गार होईपर्यंत तिथेच बसलो, कारण गरम पेंड गोणीत भरली की आतून घाम सुटतो आणि चार दिवसांत बुरशी. घाण्यावरच्या बाईने मला गूळ आणि तिळाचा चुरा खायला दिला. तो मात्र मी डोळे मिटून खाल्ला.

स्टेशनावर आणखी एक गंमत झाली. जवळ्याच्या वासाबद्दल एका प्रवाशाने हरकत घेतली आणि मी त्याला हरकतीचं उत्तर देत असताना एका शेळीने पेंडीच्या गोणीचा कोपरा फाडून मनसोक्त फराळ केला. शेळीची मालकीण शांतपणे म्हणाली, “चांगली हाय पेंड. एरवी ती कशाला तोंड लावत नाय.” दिवसभरात माझ्या निवडीला मिळालेली ही पहिली पावती.

खडवली

खडवलीला उतरलं की भातसा नदीचा आवाज आधी ऐकू येतो. आषाढात ती गढूळ आणि फुगलेली, दोन्ही काठांना हिरवी शेतं, आणि शेतांत लावणीची वाकलेली माणसं. ठाण्याची हिरवळ तळ्यांभोवती बेताने उभी असते, इथली पायात येते.

इथे आलो ते कोंड्यासाठी. ठाण्यात मिळतो त्यात तूस फार. भात पहिल्यांदा भरडलं की निघतो तो तूस, त्यात काही दम नाही, उलट माशाच्या गळ्यात टोचतो. मग तांदूळ सडताना जी तांबूस, मऊ भुकटी निघते तो खरा कोंडा. तो ताजा असला तर जिभेवर गोडसर लागतो आणि शिळा झाला की खवट.

ओळखीच्या एका कुणबी घरी उतरलो. पडवीत सासू आणि सून उखळाच्या दोन बाजूंना उभ्या राहून मुसळ घालत होत्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मी कोंड्याची चिमूट तोंडात टाकली आणि तृप्त झालो. सासूने विचारलं, “मासं कोंडा खातात का वं?” मी म्हटलं, बोय खातात. “नि ते मोठं?” त्यांना जवळा लागतो, म्हटलं. “मंग बरं हाय. ज्याला जे सोसतं ते द्यावं,” म्हणाली आणि मुसळ उचललं.

जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि हिरवी मिरची. मी हिराबायचं पानातलं बोचकं सोडलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी थोडा थोडा जवळा घेतला. इतक्या साध्या जेवणावर इतकं तुडुंब मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो. त्या एका दुपारी मला कुणाचाही राग आला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

डोंबिवलीच्या पुढे

डोंबिवलीला आता आगगाडी थांबते. उतरल्यावर चिखलातून बैलगाडी, आणि खाडीचा खारट वारा लागला की अंबूचं गाव. पोचलो तो दिवस दिव्याच्या अवसेचा. उद्यापासून श्रावण, म्हणून घरात आज मासळीची धमाल. निवट्यांचं कालवण, तळलेले बोंबील, कोलंबीचं भुजणं. हे सगळं अंबूने रांधलेलं, आणि अंबूने वाढलेलं. तिने स्वतः पाटाच्या कडेला बसून वरणभात खाल्ला. विनायकराव बोटं चाटत म्हणाले, “वहिनींच्या हाताला चव आहे बुवा.” त्याच हाताला यश नाही म्हणणाऱ्या माई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. मी कालवणात भात कालवत राहिलो, पाहुणा होतो.

संध्याकाळी मी आणि अंबूने खाणं बनवलं. कोंडा पेजेत शिजवला, त्यात पेंड कुटून घातली, जवळा परातीत चुरडला, आणि मळून त्याचे लिंबाएवढे उंडे केले. जवळ्याला हात लावल्यावर तिला आंघोळ करावी लागणार होती, ती तिने मुकाट्याने कबूल केली. तळ्याच्या पायरीवरून तिने पहिला उंडा टाकला. आधी बोय आले, मग पाणी एकदम खालून उसळलं आणि जिताड्याच्या पिल्लाची पांढरी कूस चमकली. अंबू हसली. नवरा गेल्यानंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

सकाळी उठून तळ्याकडे गेलो तर जवळ्याची गोण नाही. कोंडा होता, पेंड होती. अंबूला विचारलं तर ती चुलीपुढून म्हणाली, “माईंनी गड्याकडून बांधापलीकडच्या खोपटात ठेवायला लावली. श्रावण लागला ना.”

“मग जिताड्यांना काय?”

“कोंडा. सोमवारी लाह्या.”

“गेल्या सालीही असंच केलं होतं?”

“दर साली घरात जवळा आला की तो अवसेपर्यंतच. मग गणपती, मग पितरं, मग नवरात्र. दसऱ्याला परत.” तिने चुलीत लाकूड सारलं. “हे होते तेव्हा स्वतः जाळं घेऊन खाडीवर जायचे आणि घरी न सांगता बारीक मासळी आणून टाकायचे. मला कसं जाता येणार?”

म्हणजे बुरशीची पेंड नव्हे, तुसाचा कोंडा नव्हे! या घराने जिताड्यांना श्रावण पाळायला लावला होता! जो प्राणी जन्मात शाकाहारी होऊ शकत नाही त्याला लाह्या खायला घातल्या, त्याने भुकेपोटी तळ्यातले बोय खाल्ले, बोय संपल्यावर भावंडं खाल्ली, आणि दोष कुणाचा, तर अंबूच्या हाताचा. मी ओसरीवर जाऊन जे काही बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

माई जपमाळ थांबवून ऐकत होत्या. त्या दुष्ट बाई नाहीत, हेच जास्त चीड आणणारं आहे. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, “श्रावणात आपल्या हातांनी जिवाला जीव खायला घालायचा? आपण नाही का एवढे दिवस सोसत? मुके जीव आहेत, त्यांनाही पुण्य लागेल.”

“पुण्य लागायला ते आधी जिवंत राहायला हवेत!”

विनायकराव म्हणाले, “दादासाहेब, घरच्या चालीत तुम्ही पडू नका. नशिबात असेल तर कोंड्यावरही वाढतील. नाही वाढले तर खळं आहेच.”

मी तोंड उघडलं, पण बोलण्याआधी मागचं दार वाजलं. अंबू चूल तशीच पेटती ठेवून, सोवळ्यातच, बांधाकडे निघाली होती. पाचेक मिनिटांनी ती जवळ्याची गोण ओढत आली, तळ्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी जवळा चुरडायला लागली. श्रावणाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांदेखत.

माई भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आल्या. “अंबे! सोवळ्यात आहेस ना तू? काय शिवलीस हे! आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते!”

“बरं,” अंबू म्हणाली.

“बरं म्हणजे?”

“म्हणजे नाही टाकत. मला हे रोज शिवावं लागणार आहे, दसऱ्यापर्यंत. तोवर चूल तुम्ही सांभाळा.”

तिने हे भांडून म्हटलं नाही. भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसं म्हटलं. माझ्या इतक्या दिवसांच्या आरडाओरडीत जे नव्हतं ते त्या तीन वाक्यांत होतं. माईंचे गुडघे धरलेले, धाकटी सून माहेरी, आणि दुपारी लावणीवरची माणसं जेवायला यायची होती.

माईंनी भात टाकला, तो खाली लागला. आमटी करायला गेल्या तेव्हा लाकडं विझली. धुराने डोळे चोळत त्या दोनदा दारात येऊन गेल्या. अंबू उंडे वळत होती. मी तिच्याशेजारी बसून राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून रागावलो. शेतावरची माणसं आली, मागच्या पडवीत पाय धुऊन बसली, आणि समोर पानं मांडलेली नाहीत हे पाहून एकमेकांकडे बघू लागली. विनायकराव आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. शेवटी ते तळ्याच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

“वहिनी, माई म्हणताहेत, गोण तळ्यावरच राहू दे. रोज याला शिवलं की आंघोळ करून आत यायचं, बस. आता चला, माणसं उपाशी आहेत.”

“आणि खळं?” अंबूने विचारलं.

ते पडवीतल्या माणसांकडे पाहत म्हणाले, “खळ्याला दुसरी जागा बघू.”

ते गेल्यावर माझा बांध फुटला. ही काय कबुली झाली? मासे मेले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, बहिणीला अपयशी ठरवताना वाटलं नाही, आणि एक वेळचं जेवण चुकल्याबरोबर धर्मात वाट सापडली! तुझं म्हणणं त्यांना पटलंच नाही, अंबू, त्यांना फक्त भूक लागली, असं मी जवळजवळ ओरडलोच.

अंबूने उरलेले उंडे एकेक करून पाण्यात टाकले. प्रत्येक उंड्याला पाणी फुटतंय की नाही हे तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग जवळ्याचे हात झटकत उठली.

“पटेपर्यंत थांबले असते तर मासे उरले नसते, दादा,” ती म्हणाली, आणि आंघोळीला विहिरीकडे गेली.